छोट्या आऊटबोर्डचा टिल्ट लिव्हर रस्त्यासाठी नाही: ट्रेलरवर इंजिन उचलायचं कसं, टेकवायचं कशावर?

डोलकाठी

होडी ४.२ मीटर, अ‍ॅल्युमिनियमची. इंजिन आऊटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागच्या फळीवर बाहेरून बसणारं; १५ हॉर्सपॉवर, फोर-स्ट्रोक, शॉर्ट शाफ्ट, टिलरवालं (हातदांड्यानं वळवायचं), वजन साधारण ५० किलो. पॉवर टिल्ट नाही, हातानं उचलावं लागतं. ट्रेलर एका धुऱ्याचा. इंजिन पूर्ण खाली सोडलं की स्केगचं (पंख्याखालच्या पात्याचं) टोक जमिनीपासून १८ सेंमीवर राहतं. हिचपासून (ट्रेलर गाडीला जोडतात तिथून) धुरा ३ मीटर, धुऱ्यापासून स्केग १.६ मीटर.

दोन गोष्टी ठरवायच्या आहेत. एवढ्या अंतरावर इंजिन खाली ठेवूनच न्यावं का? आणि उचलायचं झालं तर नुसत्या टिल्ट लिव्हरवर (उचललेलं इंजिन वर अडकवून धरणाऱ्या खिटीवर) सोडण्याऐवजी नेमका कशाचा आधार द्यावा? ट्रेलरला बसणारा दांडा की इंजिन होडीला धरणाऱ्या ब्रॅकेटमध्ये अडकवायचा ठोकळा, यावर प्रत्येकाचं वेगळं मत ऐकायला मिळतं. कारणासकट उत्तर हवं आहे.

पंखा_आणि_पिन

मापं दिलीत हे बरं केलंत, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर गणितानंच निघतं.

ओढणारी गाडी चढावर चढली आणि ट्रेलरची चाकं अजून सपाटीवर असली की हिच वर जाते आणि शेपूट खाली बसते. धुरा मध्ये टेकून असतो, त्यामुळे प्रमाण सरळ आहे: शेपूट किती खाली येईल = हिच किती वर गेली × १.६ ÷ ३. १५ टक्के चढावर हिच दोन मीटर पुढे गेली म्हणजे ३० सेंमी वर गेली, आणि तुमचा स्केग १६ सेंमी खाली आला. हातात उरले २ सेंमी, आणि ते टायर आणि स्प्रिंग दबण्यातच जातील. म्हणजे १८ सेंमी पुरत नाहीत. इंजिन उचलायलाच हवं.

ज्यांच्या ट्रेलरवर जागा आहे त्यांनी मात्र इंजिन उभं, चालवायच्या स्थितीतच न्यावं. बहुतेक उत्पादकांच्या पुस्तिका पहिला पर्याय हाच देतात. तसं जमत नसेल तर उचलून वेगळा आधार द्या, आणि टिल्ट सपोर्ट लिव्हरवर भरवसा ठेवून रस्त्यावर नेऊ नका, असं त्यांत स्पष्ट लिहिलेलं असतं.

आता लिव्हर का नको ते. किनाऱ्यावर बांधलेल्या होडीचं इंजिन पाण्याबाहेर राहावं, एवढ्यासाठी तो दिलेला असतो. इंजिन खाली घेताना आपण काय करतो? आधी किंचित वर उचलतो. त्यानं लिव्हरवरचा भार जातो आणि तो मोकळा होतो. खड्ड्यातून जाताना ट्रेलर खाली जातो, इंजिन क्षणभर वरच राहतं, म्हणजे हाताशिवाय तेच घडतं. लिव्हर सुटला नाही तरी इंजिन परत त्याच्यावर आदळतं. अशा हजार आदळण्यांनी पिनेखालच्या अ‍ॅल्युमिनियममध्ये खाच पडते, पिन तिरकी बसायला लागते आणि एक दिवस ब्रॅकेटचा कान तडकतो. तुमचा लिव्हर काढून पाहा: पिन टेकते तिथे चकचकीत अर्धगोल खळगा दिसला तर इंजिन आधीच तिथे आपटत आलेलं आहे.

उलटा_वारा

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण एक गैरसमज इथेच काढून टाकू. "इंजिन उचललं की ते मागे लांब जातं आणि ट्रान्समवर (होडीच्या मागच्या फळीवर) तिप्पट ताण येतो" असं सर्रास सांगितलं जातं. उचलताना इंजिनाचा पाय (पंख्याकडचा खालचा भाग) मागे जातो हे खरं, पण इंजिनाचं जड डोकं त्याच वेळी होडीच्या आत झुकतं. हिशोब करून बघा.

समजण्यासाठी मापं धरू. टिल्टच्या अक्षापासून (ज्याभोवती इंजिन वर-खाली वळतं) गुरुत्वमध्य २० सेंमी मागे आणि ३ सेंमी खाली आहे. ६५ अंश उचलल्यावर तो साधारण ११ सेंमी मागे आणि १७ सेंमी वर येतो. म्हणजे मागे गेला नाही, उलट पुढे सरकला आणि वर चढला.

मग त्रास कुठे आहे? भार कुठे टेकतो त्यात. इंजिन खाली असताना ते ब्रॅकेटच्या तळाकडच्या आडव्या टिल्ट पिनेला टेकतं, अक्षापासून समजा २८ सेंमीवर. ५० किलो × २० सेंमी ÷ २८ म्हणजे पिनेवर ३६ किलोचा दाब. उचलल्यावर लिव्हर अक्षाच्या अगदी जवळ, समजा ६ सेंमीवर. ५० × ११ ÷ ६ म्हणजे ९२ किलो, तेही गाडी उभी असताना. तिप्पट हिसका धरला तर २७५ किलो, बोटाएवढ्या पिनेवर. शिवाय गुरुत्वमध्य वर चढल्यामुळे ब्रेकचा आणि पुढे-मागे डुलण्याचा हिसका १७ सेंमीच्या हातानं (अक्षापासूनच्या अंतरानं) लागतो. खाली असताना हा हात जेमतेम ३ सेंमी होता.

याच हिशोबात आधार कुठे द्यायचा तेही कळतं. इंजिनाच्या पायाला अक्षापासून ६० सेंमीवर टेकू काटकोनात लागला, तर त्याच्यावर येतात फक्त ९ किलो. ब्रॅकेटमध्ये १० सेंमीवर ठोकळा बसवला तर ५५ किलो. प्रत्येक इंजिनाची मापं वेगळी असणार, पण आधार अक्षापासून जितका लांब तितका भार हलका, हे सगळीकडे सारखंच.

ओहोटी

मग दांडाच सरस असा निष्कर्ष कोणी घाईनं काढू नये म्हणून लिहिते.

दांड्याचं एक टोक ट्रेलरवर आणि दुसरं होडीला लावलेल्या इंजिनावर असतं. होडी आणि ट्रेलर एकजीव असतील तोवर हे उत्तम. होडी मागच्या बाजूनं सैल बांधलेली असेल तर ती रोलरवर उडते, ट्रेलर वेगळा उडतो, आणि त्या दोघांमधला फरक दांडा थेट गिअरकेसमध्ये (पायाच्या टोकाच्या गिअरच्या पेटीत) ढोसतो. ज्याला आधार समजलो तोच घण होतो. म्हणून दांडा वापरायचा तर आधी मागचे दोन पट्टे ताणायचे. होडीच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांतल्या कड्यांतून एकेक, शक्यतो सरळ खाली ट्रेलरच्या चौकटीला. पुढे विंचचा पट्टा आणि वेगळी साखळी. ट्रान्समचा कोपरा धरून वर-खाली हलवा: ट्रेलरची स्प्रिंग दबायला हवी, होडी एकटी हलता कामा नये. एवढं झाल्याशिवाय दांड्याला हात लावू नका.

ठोकळ्याचं उलट आहे. तो इंजिन आणि त्याचंच ब्रॅकेट यांच्यामध्ये बसतो. होडी ट्रेलरवर थोडी हलली तरी इंजिनाला त्याचं काही नाही. भार जास्त येतो, पण हिसका कमी.

आणि सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट: ज्या घरचा टेकू, त्याच घरचा पट्टा. टेकू ट्रेलरवर असेल तर इंजिन खाली खेचणारा पट्टाही ट्रेलरलाच. ठोकळा ब्रॅकेटमध्ये असेल तर पट्टा ब्रॅकेटला नाहीतर होडीच्या कड्यांना. ठोकळा होडीवर आणि पट्टा ट्रेलरवर अशी सरमिसळ केली की होडी जरा वर उडाली तरी पट्टा इंजिनाला खाली ओरबाडतो.

शांतपाणी

पट्टा लागतोच का? दांड्याच्या वरच्या खाचेत इंजिन स्वतःच्या वजनानं बसतंच ना? दांड्याबरोबर आलेली रबरी दोरी पुरत नाही का?

पंखा_आणि_पिन

हायड्रॉलिक टिल्टच्या इंजिनात बटण दाबून गिअरकेस दांड्यावर किंचित दाबता येते आणि रॅम (तेलाच्या दाबावर चालणारा दट्ट्या) ती तिथेच धरून ठेवतो. डोलकाठींचं इंजिन हातानं उचलायचं आहे. त्याला वर उडण्यापासून अडवणारं काहीच नाही, म्हणून पट्टा अनिवार्य. रबरी दोरी फक्त दांडा खाचेतून निसटू नये एवढ्यापुरती. ती ताणली जाते, म्हणजे इंजिनाला उडायला वाव देते आणि मग खाली आपटायला मदत करते.

२५ मिमी रुंदीचा रॅचेट पट्टा घ्या, पॉलिएस्टरचा. दोरीच वापरायची तर तीही पॉलिएस्टरची, कारण नायलॉन ताणाखाली लांबतो आणि ओला झाला की आणखी सैल पडतो. पट्टा पायाभोवती, पंख्यावरच्या आडव्या पाटीच्या वर घ्यायचा. पंख्यावरून नाही, पाटीखालच्या झिंकच्या तुकड्यावरून नाही, गिअरच्या सळीवरून किंवा पाण्याच्या नळीवरून तर नाहीच. पाटीची कड धारदार असते, तिथे जुन्या होजपाइपचा १५ सेंमी तुकडा उभा चिरून पट्ट्यावर चढवा. मोकळ्या भागाला एक पीळ द्या, नाहीतर वाऱ्यात पट्टा फडफडतो आणि कडेनं झिजतो.

ताण किती? पाय हातानं वर ढकलल्यावर खाचेत फट दिसू नये, इतपतच. रॅचेटला लोंबकळून ओढलंत तर तुम्हीच ब्रॅकेट वाकवाल.

वल्हं

दांडा घेताना लांबी कशी ठरवायची? ठोकळा घरी बनवला तर चालतो का?

ओहोटी

दांड्यासाठी होडी ट्रेलरवर नेहमीच्या जागी, पट्टे ताणलेल्या अवस्थेत हवी. मग इंजिन एवढंच उचला की स्केग जमिनीपासून ३५-४० सेंमीवर येईल. पूर्ण वर न्यायची गरज नाही. कमी उचललेलं इंजिन जास्त शांत राहतं. आता ट्रेलरच्या मागच्या आडव्या पट्टीपासून किंवा शेवटच्या रोलरच्या दांडीपासून, पाय जिथे गिअरकेसच्या गोल भागाला मिळतो तिथपर्यंत मोजा. ही लांबी दांड्याच्या भोकांच्या मधोमध पडेल असा दांडा घ्या, म्हणजे दोन्हीकडे फेरफार करता येतो. वरची खाच रबरानं मढवलेली हवी आणि ती पाणी आत घेणाऱ्या जाळीवर बसता कामा नये. खालचं टोक रोलरवर नुसतं अडकवायचं असेल तर रोलरची दांडी वाकलेली नाही ना, तिची स्प्लिट पिन जागेवर आहे ना, हे आधी बघा. बोल्टनं बसणारा कान असेल तर तो जास्त खात्रीचा.

ठोकळा घरी बनवता येतो, मात्र लाकूड कठीण हवं. सागवान चालेल, देवदार किंवा प्लायवूड दबून चुरा होतं. ५ × ५ सेंमीचा तुकडा. लांबी अशी काढायची: इंजिन हव्या त्या उंचीवर धरून फिरणारा भाग आणि क्लॅम्प ब्रॅकेट यांच्यातलं अंतर दोन्ही बाजूंना मोजा. ते दोन्हीकडे सारखं असेल असं नाही, म्हणून टोकं त्या तिरकसपणाप्रमाणे कापावी लागतात. दोन्ही तोंडांना ३ मिमी रबर चिकटवा. मधे आडवं भोक पाडून दोरी ओवा आणि ती ब्रॅकेटला बांधा, म्हणजे ठोकळा निसटला तरी रस्त्यावर मागच्या गाडीसमोर पडणार नाही. ठोकळा फक्त धातूच्या मजबूत भागांमध्ये बसू दे. केबल, ग्रीस निपल किंवा टिल्ट लिव्हरची स्प्रिंग मधे सापडली तर ठोकळा तिला चिरडेल.

उलटा_वारा

ठोकळा असो वा दांडा, भार त्याच्यावरच यायला हवा, लिव्हरवर नाही. बरेच जण लिव्हर लावून इंजिन त्याच्यावर टेकवतात आणि खाली ठोकळा नावापुरता सरकवतात. दोघांमध्ये २ मिमी फट राहते, आणि मार लिव्हरच खातो. इंजिन आधी ठोकळ्यावर बसवा. त्यानंतर लिव्हर न टेकता आपल्या जागी राहत असेल तर राहू दे.

शांतपाणी

समजलं, धन्यवाद. धक्क्यावर कामांचा क्रम काय ठेवावा? गिअर न्यूट्रल की पुढचा?

पंखा_आणि_पिन

पाण्यातून बाहेर येताना: खोली कमी व्हायच्या आत इंजिन बंद करा, उचला, लिव्हर लावा. इथे लिव्हर त्याच्या खऱ्या कामाला आहे. काही छोट्या इंजिनांत रिव्हर्समध्ये एक हूक पडतो, मागे जाताना पंख्यानं इंजिन वर उचललं जाऊ नये म्हणून. तो पडलेला असताना इंजिन उचलत नाही. तेव्हा जोर करू नका, आधी न्यूट्रल किंवा पुढच्या गिअरमध्ये या.

होडी ट्रेलरवर आली, ट्रेलर सपाटीवर आला की इंजिन पूर्ण खाली सोडा आणि एक-दोन मिनिटं उभं ठेवा. आतलं पाणी निथळू दे. ही पायरी गाळली तर पाणी आतच राहतं. थंडीच्या मुलखात ते गोठून फुगतं आणि मग गिअरकेस नाहीतर पंप फुटतो. लांबच्या प्रवासात पाऊस लागला तर उचललेल्या इंजिनाच्या पंख्याच्या मधल्या भोकात पाणी साठतं, मुक्कामी पोचल्यावर तेही काढायला हवं.

मग इंधन. नळी इंजिनापासून काढा. उन्हात टाकीत दाब वाढतो आणि जोडलेली नळी पेट्रोल इंजिनात ढकलते. टाकी इंजिनातच असेल तर कॉक बंद आणि झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद. हवेचा स्क्रू विसरला तर उचललेल्या इंजिनातून पेट्रोल टपकतं.

मग इंजिन पुन्हा उचला, ठोकळा किंवा दांडा, पट्टा. गिअर पुढचा टाका आणि पंखा हातानं किंचित हलवून तो अडकला याची खात्री करा, नाहीतर वाऱ्यानं तो वाटभर फिरत राहतो. टिलरचा घर्षण स्क्रू घट्ट, इंजिन सरळ मधोमध, हँडल दुमडून बांधलेलं. इंजिन डावी-उजवीकडे डोलत राहिलं तर खाचेचं रबर तासाभरात सोलवटतं. इंजिनावरच्या टोपीची कडी दाबून बघा.

ओहोटी

यात एक भर, जे इंजिन खाली ठेवून नेतात त्यांच्यासाठी. पुढच्या गिअरमध्ये तो रिव्हर्सचा हूक सुटलेला असतो, म्हणजे खड्ड्यात खालचं इंजिनसुद्धा वर उडू शकतं. वेगळा टिल्ट-लॉक असेल तर तो लावा, नसेल तर पायाभोवती एक पट्टा घेऊन होडीच्या कड्यांना.

वल्हं

आणि क्लॅम्पचे दोन स्क्रू? ४-५ हॉर्सपॉवरच्या इंजिनाला एवढा सगळा खटाटोप करावा का?

उलटा_वारा

२०-२५ किलोपर्यंतचं इंजिन काढून गाडीत नेणं सर्वांत चांगलं. काढल्यावर आधी उभं धरून पाणी निथळू द्या. डोकं पायापेक्षा खाली कधीही जाऊ देऊ नका, एक्झॉस्टमधलं उरलेलं पाणी सिलिंडरमध्ये शिरतं. उभा स्टँड उत्तम, पण तो गाडीला बांधलेला हवा. आडवं ठेवायचं तर फोर-स्ट्रोक फक्त पुस्तिकेत दिलेल्या कुशीवर. बऱ्याच इंजिनांना त्या बाजूनं रबरी पाय दिलेले असतात. भलत्या कुशीवर ठेवलं की तेल सिलिंडरमध्ये उतरतं. बंद गाडीत न्यायचं तर आतली टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करा.

होडीवरच ठेवायचं तर क्लॅम्पचे स्क्रू फक्त हातानं घट्ट करा. पाइप घालून पिळले तर आतली चकती लाकडात रुतते आणि पुढच्या वेळी पकड सैल होते. १०-१५ किमीवर थांबून पुन्हा हात लावा, पहिल्या टप्प्यात ते थोडे सुटतातच. दोन्ही स्क्रूंच्या दांड्यांतून कुलूप किंवा तार ओवा, म्हणजे ते फिरणार नाहीत, आणि इंजिनाच्या कड्यातून होडीच्या कड्यापर्यंत ४-५ मिमीची स्टील दोरी. ५० किलोच्या इंजिनाला मात्र ब्रॅकेटच्या भोकांतून ट्रान्समच्या आरपार स्टेनलेस बोल्ट हवेत, आतून मोठे वॉशर, भोकांना समुद्री सीलंट. सीलंट राहिला तर पाणी ट्रान्समच्या लाकडात मुरतं आणि मग कुठलाच टेकू कामाचा राहत नाही.

ट्रान्सम तपासायला इंजिन खाली सोडून पाय धरा आणि पुढे-मागे ओढा. ट्रान्समची वरची कड बाजूंच्या तुलनेत हलताना डोळ्यांना दिसली, किंवा हातोडीच्या मुठीनं ठोकल्यावर टणक आवाजाऐवजी थबथब आला, तर त्या होडीवर इंजिन ठेवून रस्त्यावर जाऊ नका.

शांतपाणी

हायड्रॉलिकवाल्यांना आधार लागतो का?

पंखा_आणि_पिन

लागतो. रॅमचं सील झिजलं की इंजिन हळूहळू खाली बसतं. तपासणी सोपी: रात्री उचलून स्केग ते जमीन मोजा, सकाळी पुन्हा मोजा. अंतर कमी झालं तर आधाराशिवाय नेणं सोडा. ब्रॅकेटच्या बाजूला हातानं सोडण्याचा स्क्रू असतो, तो कोणी सैल ठेवला असेल तर पंपात दोष नसतानाही इंजिन खाली येतं. रॅमच्या उघड्या दांडीवर चढवायची अर्धगोल नळी छोट्या इंजिनांसाठीही मिळते. तिची लांबी त्याच मॉडेलची हवी, आणि दांडीवर वाळू नको, नाहीतर चरे पडून सील जातं.

डोलकाठी

सर्वांचे आभार. ओहोटीताई, तुमच्या "ज्या घरचा टेकू" नियमानं गुंता सुटला. माझ्या ट्रेलरचा शेवटचा रोलर थोडा वाकलेला आहे, त्यामुळे ठोकळा आणि होडीच्या कड्यांना पट्टा असं ठरवतो. एकच शंका उरली: उचललेला पाय ट्रेलरच्या मागच्या दिव्यांवर येतो. आणि होडी पाण्यात उतरवताना ठोकळा विसरला तर?

ओहोटी

दिवे आणि नंबर वेगळ्या फळीवर घेऊन ती फळी इंजिनाच्या मागे, होडीला किंवा ट्रेलरला लावा, इंजिनाच्या पायाला नको. बाहेर आलेल्या टोकाला लाल कापड. नेमका नियम तुमच्या भागातला पाहून घ्या.

ठोकळा विसरून हातानं इंजिन खाली सोडलं तर ते उतरणारच नाही, लगेच कळेल. हायड्रॉलिकवाल्यांचं नुकसान मात्र मोठं होतं: पंप ठोकळ्यावर किंवा दांड्यावर पूर्ण ताकद लावतो आणि ब्रॅकेट नाहीतर दांडा वाकतो. ठोकळ्याच्या दोरीला लाल पट्टी लावा, आणि प्रवासात इंजिन बंद करायच्या दोरीची चिमटी त्याच पट्टीला अडकवून ठेवा. चिमटी जागेवर लावल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही, आणि चिमटी घ्यायला गेलं की हात ठोकळ्यावरच पडतो.